येगळी खोली

रिताचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा गोपीचंद दुकानाचं शटर ओढून नुकतेच घरात टेकले होते. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या बाजारात त्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं असा सगळा माल. घर दुकानाच्या मागेच. रिता त्यांची थोरली लेक. लग्न झाल्यावर ती नवऱ्यासोबत जपानला गेली आणि तिथल्याच एका कंपनीत नोकरीला लागली. येत्या एप्रिलमध्ये माहेरच्या सगळ्यांनी तिच्याकडे फिरायला यायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं. पासपोर्ट हातात आले होते आणि अर्ध्या बाजाराला बातमी लागली होती. प्रश्न एवढाच उरला होता की तिथं राहायचं कुठं. रिताचं घर दीड खोलीचं, त्यात ही पलटण मावण्यासारखी नव्हती.

रितानं दोन जागा काढून ठेवल्या होत्या. पहिली म्हणजे शहरातलं हॉटेल. स्टेशनाजवळ, उंच इमारत, जोडप्याजोडप्याला आपापली खोली. दुसरी जागा डोंगरातल्या एका गावात, जुन्या पद्धतीचं पाहुणेघर. तिकडे त्याला रियोकान म्हणतात. लाकडी घर, कागदाची सरकती दारं, खाली चटया. जेवण खोलीतच आणून देतात आणि रात्री त्याच खोलीत गाद्या अंथरून सगळ्यांनी ओळीनं झोपायचं.

गोपीचंदांना ते पाहताक्षणी आवडलं.

"हे तं आपल्यासारखंच आहे," ते म्हणाले. "पलंगाची कटकट नाही. सारे एका ठिकाणी. हॉटेलात तं नागपूरलेही राहाता येते, त्याच्यासाठी जपानले कायले जाचं?"

मुलगा गोलू आणि सून रुपा यांनी मान हलवली. त्यांची सहा वर्षांची मोनू तर कागदाचं दार पाहूनच नाचायला लागली.

"पण बाबा, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते," रिता म्हणाली. "तिथं आंघोळ सगळ्यांची सोबत असते. गरम पाण्याचं मोठं टाकं असते. माणसांचं वेगळं, बायकांचं वेगळं. पण कपडे घालून नाही जाता येत त्यात."

गोलूनं फोन जवळ ओढला.

"कपडे घालून नाही म्हंजे?"

"म्हंजे नाही."

रुपानं ओढणी तोंडाशी नेली. गोपीचंदांच्या डोळ्यांपुढे आपण, आपला पोरगा आणि रिताचा नवरा, असे तिघं एका टाक्यात उघडे बसलेले आले, आणि त्यांनी हातातला पाण्याचा गिलास न पिताच खाली ठेवला. जावयापुढे ते आजवर बनियनवरही बसले नव्हते.

कुंताबाई, त्यांची बायको, भिंतीला टेकून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "त्यात काय येवढं? माहेरी आमी साऱ्या बाया गावच्या बोडीच्या पान्यात उतरून सोबतच आंग धुत होतो. पानी ते पानी."

गोपीचंदांना हायसं वाटलं. "झालं मंग. रिताच्या मायलेच चालते तं बाकीच्याईचा काय सवाल? धर ते पाहुणेघर."

"आईला तर विचारू द्या," रिता फोनमधून म्हणाली. "आई, तुला काय पाहिजे?"

कुंताबाईंनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले.

"मले हॉटेल."

"हॉटेल?"

"हाव. अन् माह्यासाठी येगळी खोली पाय. मी येकटी रायतो."

गोलू आधी हसला. मग आईकडे बघून थांबला. "माय, येकटी भेशील तू तिथं."

"नाही भेत."

गोपीचंदांना वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. सून समोर, पोरगा समोर, लेक फोनवर, आणि ही बाई सांगते की मला नवऱ्यापासून वेगळी खोली पाहिजे. त्यांचे कान तापले. "काहून? माह्यासंगं काय झालं तुले?"

"काही नाही झालं. मी कुठं म्हटलं झालं म्हणून?" असं म्हणून त्या वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तिकडून फोडणीचा आवाज आला. रितानं "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला.

सकाळी चहा ओतताना गोपीचंदांनी विषय काढला.

"काल काय बोलली तू ते समजते का तुले? लोक काय म्हणतीन?"

"कोनते लोक? जपानातले?"

"मी घोरतो म्हणून म्हणतेस का?"

"घोरन्याची सवय झाली मले."

"मंग काय?"

कुंताबाई कपबशी हातात धरून विचार करत राहिल्या. नेमकं कसं सांगावं ते त्यांना सापडत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "आतून कडी लावली, अन् कोनी हाकच मारली नाही, असं कसं लागते ते पाहाचं आहे."

"मंग घरात खोल्या कमी आहेत का? लाव ना कडी."

"लावली होती येक दिवस. आधी मोनूनं दार वाजवलं. मंग रुपानं, दह्याचं भांडं कुठं आहे म्हणून. मंग तुमी आले."

"मी कायले आलो?"

"चश्मा पाहाले. तुमच्या खिशातच होता."

गोपीचंदांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. ते दुकानात गेले, पण गिऱ्हाईकाकडे लक्ष लागेना. मिरचीवरच्या औषधाऐवजी त्यांनी एकाच्या हातात धानाचं औषध दिलं, तो बिचारा परत येऊन बदलून घेऊन गेला. बायको असं का म्हणाली याचा त्यांना पत्ता लागत नव्हता. त्यांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. दारूच्या थेंबाला शिवले नव्हते. आंधळगावच्या तिच्या माहेरी कोणतंही कार्य असलं की तिला स्वतः नेऊन सोडत होते. दुपारपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली की हा बायकांचा एखादा लहरीपणा असेल. त्यांनी रिताला फोन लावला.

"ते पाहुणेघरच पक्कं कर. मायचं मनावर घेऊ नको."

"बाबा, तिला विचारलं?"

"मी सांगतो तिले."

जेवताना त्यांनी सांगितलं. कुंताबाईंनी ऐकलं, ताटात भात वाढला, वरण वाढलं, आणि काही बोलल्या नाहीत. गोपीचंदांच्या हिशेबी तो होकार होता. इतकी वर्षं तो होकारच असायचा.

दोन दिवसांनी सकाळी कुंताबाई रुपाला "भंडाऱ्याले जाऊन येतो" एवढंच सांगून निघाल्या. भंडाऱ्याला त्यांची बहीण रत्नाबाई राहते, तिथंच गेल्या असतील असं सगळ्यांनी धरलं. फोन घरीच राहिला होता, तो त्या विसरल्या असं सगळ्यांना वाटलं. दुपारी गोलू दुकानात धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाबा, माय साकोलीले आहे. हॉटेलात."

"कोनासंगं?"

हे तोंडातून निघालं आणि गोपीचंदांना स्वतःचीच लाज वाटली. पण निघून गेलं होतं.

"येकटी. मॅनेजरचा फोन होता. माहा नंबर लिहून देला होता तिनं. खोली घेतली, आत गेली, आता दार वाजवलं तं उघडून नाही राहिली म्हणते. सामान नाही, जेवण नको म्हणाली. म्हणे, लवकर या."

दुकानात युरिया घ्यायला आलेले दोघं-तिघं होते. गोपीचंदांना ते दिसेनासे झाले. निघण्याआधी त्यांची नजर आपोआप फवारणीच्या औषधांच्या फळीकडे गेली. बाटल्या जिथल्या तिथं होत्या का? काल किती होत्या? त्यांना आठवेना. रोज ज्या फळीवर हात फिरतो, तीच फळी त्यांना अनोळखी दिसत होती. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि गोलूच्या गाडीत जाऊन बसले.

रस्त्यात गोलूनं एकदा रत्नाबाईला फोन लावून पाहिला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि आता त्याही घाबरल्या. लाखनी मागे पडली. हायवेवर ट्रकमागून ट्रक चालले होते. गोपीचंद समोर काचेतून बघत होते, पण त्यांना दिसत होती ती शेंगा सोलणारी कुंताबाई. ती तेव्हा सांगत होती. स्पष्ट शब्दांत सांगत होती. यापेक्षा स्पष्ट कोणी कसं सांगतं?

साकोलीतलं ते हॉटेल हायवेला लागूनच होतं. नागझिऱ्याला वाघ पाहायला येणारे लोक तिथं उतरतात. मॅनेजर पंचविशीतला पोरगा, गळ्यात टाय, घामानं डबडबलेला. यांना बघताच तो काउंटरमागून बाहेर आला.

"काका, आम्ही दोनदा वाजवलं. आवाज नाही. एकटी बाई, सामान नाही, म्हणून आम्हाला भीती वाटली. दुसरी चाबी आहे माझ्याकडे, पण घरचं कोणी आल्याशिवाय उघडायचं नाही असं मालकांनी सांगितलं आहे."

जिना चढताना गोलूनं गोपीचंदांचा दंड धरला. खोलीचं दार बंद होतं, तपकिरी, गुळगुळीत, त्यावर पितळी आकडा. मॅनेजरनं चाबी काढून हातात धरली. गोपीचंदांनी दार वाजवलं. आतून काही नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं, या वेळी तळहातानं, जोरात.

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

"कोन?"

गोलू तिथंच जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"मी," गोपीचंद म्हणाले.

"कोन मी?"

लग्न होऊन आयुष्य गेलं होतं, पण बायकोला स्वतःचं नाव सांगायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"गोपीचंद."

आतून कुंताबाईंचा झोपाळलेला आवाज आला, "बरी आहो मी. झोपली होती. तुमी खाली बसा थोडा वेळ."

"दार तं उघड."

"उघडतो ना. थोडं थांबा."

मॅनेजरनं चाबी खिशात घातली आणि दुसरीकडे पाहू लागला. त्यालाही काय करावं ते समजत नव्हतं. गोपीचंदांच्या मनात आलं की ती चाबी घ्यावी आणि दार उघडावं. हात पुढे जाणारही होता. पण आतून लावलेल्या दारापुढे उभं राहून त्यांना पहिल्यांदाच जाणवलं की आत आपल्याला कोणी बोलावलेलं नाही. ते वळले आणि जिना उतरले.

गोलू घरी फोन करायला बाहेर गाडीकडे गेला. गोपीचंद खाली सोफ्यावर बसले. समोर भिंतीवर वाघाचा भलामोठा फोटो होता. त्यांनी किती वेळ तो फोटो पाहिला कोण जाणे. थोडा वेळ म्हणता म्हणता उन्हं कलली.

तेवढ्यात हॉलमधून दहा-पंधरा माणसं बोलत बाहेर आली. बियाण्याच्या कंपनीनं दुकानदारांना जेवण दिलं होतं. त्यात साकोलीचे मारोतराव होते, गोपीचंदांच्याच धंद्यातले, जुन्या ओळखीचे.

"गोपीचंदभाऊ? इकडं कसे? तुमाले बी बोलावलं होतं का जेवाले?"

"नाही. घरच्याईची वाट पाहून राहिलो."

"वहिनी आल्या आहेत? कुठं गेल्या?"

काहीतरी थाप मारता आली असती. बाजारात गेली, दवाखान्यात गेली, काहीही. पण त्या दिवशी त्यांच्याजवळ थाप मारायची ताकद नव्हती.

"वर खोलीत आहे. झोपली आहे."

"बिमार आहेत काय?"

"नाही. झोपाले आली."

मारोतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. पुढं विचारावं की नाही ते त्यांना कळेना. "बरं बरं," म्हणत ते आपल्या लोकांत गेले, आणि दारातून बाहेर पडताना दोनदा मागे वळले. उद्यापर्यंत ही गोष्ट साकोली ते भंडारा सगळ्या दुकानदारांत जाईल, हे गोपीचंदांना माहीत होतं. त्याचं काही वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. वाटायची सगळी जागा दुसऱ्याच गोष्टीनं भरली होती.

कुंताबाई खाली आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं, केस नीट बांधले होते. उशीची घडी गालावर उमटली होती. गोपीचंदांनी बायकोला दिवसा झोपून उठलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरची बाई दुपारी पाठ टेकत नाही, असं ते चारचौघांत कौतुकानं सांगत असत.

दोघं हॉटेलातच चहा प्यायला बसले. गोलू आत येऊन आईला बघून गेला, पुन्हा बाहेर जाऊन बसला.

"काहून आली इथं?" गोपीचंदांनी विचारलं. रागवायचं असं त्यांनी गाडीत ठरवलं होतं, पण आवाज हळूच निघाला.

"पाहाले आली. तिकडं जपानात गेल्यावर मलेच भेव वाटलं असतं तं? सारे हासले असते. म्हणून म्हटलं, आधी इथं पाहून घेतो."

"सांगून याचं."

"सांगतलं असतं तं येऊ देलं असतं?"

गोपीचंदांनी चहाची बशी तिच्यापुढे सरकवली.

"वाटलं भेव?"

"आधी वाटलं. पलंगाच्या कोपऱ्यावरच बसून राहिली. सारखे कान दाराकडं. आता कोनी येते, आता कोनी येते. कोनी आलंच नाही. मंग आंग टाकलं, तं समजलंच नाही कवा झोप लागली. या पोरानं दार वाजवलं ते बी सपनातच आयकू आलं." त्यांनी काउंटरकडे पाहिलं. "लेकराले भेवाडलं मी. त्याले सांगाले पाहिजे होतं."

तिच्या गालावरची उशीची घडी पाहिल्यापासून गोपीचंदांच्या मनात एक प्रश्न घोळत होता. तो एकदम बाहेर आला. "माही माय अंथरुणाले खिळली होती, तवा तू कुठं झोपत होती?"

कुंताबाईंना नवल वाटलं. "त्याईच्या बाजेजवळ. खाली. रात्री उठवा लागे ना त्याईले."

"कवापासून?"

"रिता धाव्वीत होती तवापासून. त्या गेल्या तोवर. तवा तं रिताचं लग्न बी होऊन गेलं होतं."

"नाही," गोपीचंद म्हणाले. "तू खोलीत होती. माह्या बाजूले. मले चांगलं आठवते. मी दिवा बंद करत होतो तवा तू होती."

"होती ना. तुमाले झोप लागली की मी उठून जात होतो. सकाळी तुमच्या आधी उठनंच होतं, म्हणून तुमाले समजलं नाही."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. पाऊस कधी आला, गाय कधी व्याली, असं सांगावं तसं सांगितलं. वर्षानुवर्षं ज्या खोलीत आपण दोघं आहोत असं ते समजत होते, त्या खोलीत ते एकटे होते. आणि हे घरात सगळ्यांना माहीत असणार. गोलूला, रिताला. फक्त त्यांनाच नाही.

"काहून सांगतलं नाही मले?"

"तुमची झोपमोड झाली असती," कुंताबाई म्हणाल्या. "अन् मंग तुमच्या मायले सवय झाली, मले बी झाली. त्याच्यानंतर मोनू आली. ते माह्याजवळच झोपते." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमी मारलं नाही, झोडलं नाही. तुमच्याविषयी काही नाही माह्या मनात. पन मले खोली पाहिजे."

गोपीचंदांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच टेबलावर बसून रिताला लावला. तिकडं रात्र झाली होती.

"रिता, ते हॉटेल पाय. तुह्या मायसाठी येगळी खोली. अन् दार आतून लागते का ते विचारून घे."

"बाबा, आई बरी आहे ना?"

"बरी आहे. साकोलीले आहे. चहा पिऊन राहिली."

कुंताबाईंनी हात पुढे करून फोन घेतला. "ते लाकडाचं घरही राहू दे वं येक दिवस. ते गरम पान्याचं टाकं पाहाचं आहे मले."

घरी परतल्यावर रुपानं सासूला काही विचारलं नाही. जेवणं झाल्यावर मोनू उशी घेऊन आजीकडे निघाली, तेव्हा रुपानं तिला दारातच उचललं आणि आपल्या खोलीत नेलं. मोनू बराच वेळ रडली. गोपीचंद बाहेर खुर्चीवर बसून ते रडणं ऐकत होते. आपण काय करायला हवं ते त्यांना उमगत नव्हतं. शेवटी ते उठले आणि रुपाला मदत म्हणून नातीला घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागले. मूल इतकं जड असतं, हे त्यांना नवीनच होतं.

एप्रिलमध्ये सगळे गेले. डोंगरातल्या पाहुणेघरात एक मुक्काम झाला. गोपीचंद जावयासोबत त्या टाक्यात बसले. दोघांनीही सगळा वेळ समोरच्या डोंगराकडे पाहिलं आणि बाहेर आल्यावर त्यावर कधीच बोलले नाहीत. कुंताबाई मात्र बायकांच्या टाक्यात बोटांना सुरकुत्या पडेस्तोवर बसल्या. दोन म्हाताऱ्या जपानी बायका त्यांच्याशी काहीबाही बोलत होत्या, आणि त्या आपल्या बोलीत उत्तरं देत होत्या, असं रुपानं सांगितलं.

मग शहरातलं हॉटेल. कुंताबाईंना मिळालेली खोली गोपीचंदांच्या खोलीपासून लांब, लिफ्टच्या पलीकडे होती. जवळची मिळाली नाही म्हणून रिता हळहळली. कुंताबाई म्हणाल्या, चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीचंद नाश्त्याला खाली गेले तेव्हा त्या आधीच खिडकीशी बसल्या होत्या. समोर ताटलीत काय काय घेतलं होतं, त्यातलं अर्धं त्यांना ओळखता येत नव्हतं, पण खात होत्या. गोपीचंद समोर बसले.

"झाली झोप?"

"झाली," कुंताबाई म्हणाल्या आणि बोलू लागल्या. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक म्हातारा पहाटेच येऊन कुंड्यांना पाणी घालत होता. मग त्यानं एकट्यानंच हातवारे करून व्यायाम केला. खाली रेल्वे किती वेळा गेली, तिचे डबे कोणत्या रंगाचे. खोलीतली किटली कशी चालते ते आपलं आपल्यालाच कसं जमलं, पहिल्यांदा पाणी कसं सांडलं, आणि सांडल्यावर कोणी काही म्हटलं नाही म्हणून आपल्याला हसू कसं आलं. मग माहेरच्या आंधळगावातली एक जुनी आठवण निघाली, त्यातून दुसरी निघाली.

गोपीचंदांच्या पुढ्यातला चहा थंड झाला. आपली बायको इतकं बोलते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मध्ये काही विचारलं तर ती थांबेल अशी भीती वाटून ते काही न विचारता ऐकत बसले.